रेवेच्या पश्चिम तीरीं

नित्याच्या पूजेंत संकल्प म्हणावयाचा आणि त्यांत आपण कोठें बसलों आहों हें देवाला सांगावयाचें, ही रीत आमच्या अंगवळणीं पडून पन्नासांहून अधिक वर्षें झालीं. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, हे शब्द तोंडांतून आपोआप निघतात. त्यांचा अर्थ मनांत आणण्याचें कारण आम्हांस कधीं पडलें नव्हतें. तें वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, पॅसिफिक महासागरांतील फिजी बेटावर, पावसानें चिंब झालेल्या एका सकाळीं पडलें. आचमन झालें, प्राणायाम झाला, जंबुद्वीपाचें नांव ओठांवर आलें आणि जीभ अडली. त्या क्षणीं आम्ही जंबुद्वीपांत खास नव्हतों. देवापुढें बसून खोटा पत्ता सांगणें मनास प्रशस्त वाटेना. खरा कोणता तेंही सुचेना. शेवटीं तेवढा भाग गाळून पूजा उरकली.

त्याचें असें झालें. आमचे चिरंजीव तीन वर्षांच्या करारानें सुवा येथील विद्यापीठांत अध्यापक म्हणून गेले. सूनबाई व पांच वर्षांची नात बरोबर होती. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं आग्रहानें बोलाविलें, आणि आम्ही उभयतां अकरा महिने तेथें राहून आलों. निघतेवेळीं घरांतील एका वडील माणसानें समुद्रोल्लंघन कलिवर्ज्यांत येतें याची थट्टेनें आठवण दिली. आम्ही समुद्र ओलांडीत नसून त्याच्यावरून उडत जाणार आहों, असें आम्हीं उत्तर दिलें, व हंशा पिकला. पण थट्टेच्या पोटांत थोडें खरें असतें, हें पुढें कळलें.

मुंबईहून सिंगापूर आणि तेथून सुमारें दहा तासांचें उड्डाण करून विमान ज्या गांवीं उतरतें, त्याचें नांव इंग्रजींत नाडी असें लिहितात. उच्चार मात्र नांदी असा होतो. नाटकाच्या आरंभीं नांदी असते, तशी ही बेटाच्या आरंभीं, म्हणून आम्ही मनांतल्या मनांत खूष झालों. ती खुषी फार टिकली नाहीं. बाहेरचें बीं, मुळी, गवत कांहींही आंत येऊं द्यावयाचें नाहीं, असा त्या देशाचा कडक नियम आहे. आणि तो योग्यच आहे, कारण बेटावर एकदां कीड शिरली कीं तिच्यापासून पिकाला पळून जावयास जागा नसते. आमच्या पिशवींतली दर्भाची जुडी तेथील अधिकाऱ्यानें अदबीनें काढून घेतली. हें कशासाठीं, असें त्यानें विचारलें. पितरांसाठीं, असें आम्हीं सांगितलें. त्यानें क्षणभर आमच्याकडे पाहिलें, मान लववली आणि जुडी डब्यांत टाकली.

फिजी हें एक बेट नव्हे. लहानमोठीं तीनशेंहून अधिक बेटें असून त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांशांवरच मनुष्यवस्ती आहे. सर्वांत मोठें वीति लेवू, आणि त्याच्या आग्नेय कोपऱ्यांत सुवा ही राजधानी. नांदीहून सुमारें दोनशें किलोमीटरची सडक समुद्राच्या कडेकडेनें जाते. प्रथम उंसाचे मळे लागतात व त्यांच्यामधून ऊंस वाहून नेणारे अरुंद रूळ. पुढें डोंगर जवळ येतो, हिरवा रंग गडद होतो आणि पाऊस सुरू होतो. सुव्याचा पाऊस पाहून आम्हांला कोंकणांतील आपलें बालपण आठवलें. मात्र कोंकणांतला पाऊस चार महिन्यांनीं दमतो. हा बारा महिने हजेरी लावतो. वर्षाचा बराचसा काळ मध्यान्हींचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि सावल्या दक्षिणेस पडतात. चंद्राची कोर उलटी दिसते. संक्रांत ऐन उन्हाळ्यांत येते. घड्याळ आपल्यापुढें साडेसहा तास असल्यामुळें पुण्याच्या पंचांगांतील उदयतिथि तेथें कधीं कधीं एक दिवस पुढें सरकते. हीं त्रैराशिकें सोडविण्यांत आमचे पहिले दोन आठवडे बरे गेले. पुढचे जड जाऊं लागले.

चिरंजीव व सूनबाई सकाळीं कामावर जात, नात शाळेंत जाई, आणि आम्ही दोघें खिडकीशीं बसून पाऊस मोजीत असूं. रविवारीं तर सारें शहर मुकें होई. देवळाच्या घंटेऐवजीं दूरवरून चर्चमधील समूहगायन ऐकूं येई. तें फार गोड असे, पण आपलें नव्हे. आमच्या ओळखीचीं मराठी घरें अवघीं चार. महिन्यांतून एकदां सर्व एकत्र जमत, पोहे होत, आणि बोलणें नेहमीं एकाच वळणावर येई: करार केव्हां संपतो, भाव किती चढले, पुढें ऑस्ट्रेलिया कीं परत पुणें. उंच कुंपणाआड राहणारी ही मंडळी पाहुण्यासारखीं दिवस काढीत होतीं. पाहुण्याला शेजार नसतो, यजमान असतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. तेथें कित्येक पिढ्या राहिलेल्या हिंदी लोकांविषयीं आमचीं हीं नवीं मंडळी थोड्या उंचावरून बोलत. त्यांची हिंदी अशुद्ध, त्यांचे आचार मिसळलेले, जात धड कोणाची नाहीं, असें. आम्हीं त्यावर कांहीं आक्षेप घेतला नाहीं. उलट मान डोलावली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

शेजार मिळाला तो नातीमुळें. एके दिवशीं ती कुंपणापलीकडील घरांतून वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "आजीनें दिलें." कोणत्या आजीनें? "त्या आजीनें." वाटींत अळूचें फदफदें होतें, डाळ-दाण्यांऐवजीं नारळाच्या दुधांत शिजविलेलें, पण अळूच. तेथील मूळ लोक त्या भाजीला रोउरोउ म्हणतात. सौभाग्यवतींनीं चव घेतली, डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वाटींतून अळूवड्या पलीकडे गेल्या. रिकामी वाटी परत करूं नये, हा नियम दोन्ही घरांना ठाऊक होता.

पलीकडच्या घरांत नव्वदीच्या एक वृद्धा, त्यांचे सत्तरीतले चिरंजीव, म्हणजे आमच्यासारखेच सेवानिवृत्त शिक्षक, व त्यांची मुलेंबाळें असत. नातीनें त्या वृद्धेला आजी म्हणावें याचें आम्हांला कौतुक वाटलें. तिला मराठी शब्द कोणी शिकविला? कोणीच नाहीं. फिजीच्या हिंदी बोलींत बापाच्या आईला आजीच म्हणतात आणि बापाच्या बापाला आजा. अवध-भोजपुराकडील हा शब्द. शुद्ध हिंदीच्या अभिमान्यांस तो ग्राम्य वाटेल, आम्हांला मात्र घरचा वाटला. ज्या बोलीला आम्हीं अशुद्ध म्हणून मान डोलावली होती, तिनें आमच्या नातीला एक आजी अधिक दिली.

हे मास्टरसाहेब आम्हांला गुरुजी म्हणत. दुपारीं पडवींत बसून त्यांनीं आम्हांला जो इतिहास सांगितला, तो आम्हीं शाळेंत कधीं शिकविला नव्हता. १८७४ सालीं फिजी इंग्रजांच्या स्वाधीन झालें. दुसऱ्याच वर्षीं गोवराची सांथ येऊन मूळ लोकांपैकीं हजारों माणसें मेलीं. नवा गव्हर्नर आर्थर गॉर्डन यानें मूळ लोकांच्या जमिनी विकल्या जाऊं द्यावयाच्या नाहींत व त्यांना मळ्यांत राबवावयाचें नाहीं असें धोरण ठरविलें. तें त्यांच्या हिताचें झालें. पण ऊंस तर लावावयाचा होता. गॉर्डन त्रिनिदाद आणि मॉरिशस येथें गव्हर्नर राहिलेला, तेव्हां मजूर कोठून आणावयाचे हें त्याला माहीत होतें. १४ मे १८७९ रोजीं लिओनिदास नांवाचें पहिलें जहाज कलकत्त्याहून आलें. तेव्हांपासून १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसें अशींच आलीं; प्रथम कलकत्त्याहून, पुढें १९०३ पासून मद्रासेहूनही. पांच वर्षांचा करार, म्हणजे इंग्रजींत ॲग्रीमेंट. त्याचें अडाणी तोंडांत गिरमिट झालें आणि माणूस गिरमिटिया. पुरुषाला दिवसाचें नेमून दिलेलें काम पुरें केल्यास एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. राहावयास दहा फूट लांब व सात फूट रुंद खोली, तींत तीन पुरुष. मास्टरसाहेब म्हणाले, "गुरुजी, तुमच्या चिरंजीवांनाही करारच आहे. आमच्या आजालाही करारच होता." ते हंसून बोलले. आम्हांला हंसूं आलें नाहीं.

त्यांनीं आजाच्या परवान्याची नक्कल दाखविली. असे परवाने सुव्याच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जपून ठेविलेले आहेत. नांव, बापाचें नांव, वय २२, जात कुर्मी, गांव, ठाणें, जिल्हा बस्ती, उंची, अंगावरील खूण. गुरें विकतांना दाखल्यावर शिंगांचें व रंगाचें वर्णन लिहितात, त्याची आम्हांला आठवण झाली. आपल्या जन्मभूमीचा एवढाच कागद त्या घराजवळ होता, आणि तो देवघरांत ठेविला होता.

आमच्या शाळेंत १९ फेब्रुवारीस नामदार गोखल्यांची पुण्यतिथि होई व आम्ही दरवर्षीं भाषण करीत असूं. सौजन्य, अर्थशास्त्र, भारत सेवक समाज, सर्व येई. पण १९१२ च्या मार्चमध्यें याच गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत गिरमिटाची पद्धति बंद करावी असा ठराव मांडला होता, व सरकारी मताधिक्यानें तो फेटाळला गेला, हें आम्हीं एकाही भाषणांत सांगितलें नव्हतें. कारण तें आम्हांला महत्त्वाचें वाटलें नव्हतें. १९१६ सालीं मालवीयजींचा तसाच ठराव सरकारनें मान्य केला, आणि १ जानेवारी १९२० रोजीं उरलेसुरले करार रद्द झाले.

मंगळवारीं रात्रीं मास्टरसाहेबांच्या घरीं रामायण मंडळी बसे. ढोलक, हार्मोनियम आणि तुलसीदासाच्या चौपाया. पहिल्या वेळीं पाहुणे म्हणून आम्हांस दोन शब्द बोलावयास सांगितलें. आम्हीं वाल्मीकि आणि तुलसीदास यांतील फरक, मूळ संस्कृत शब्द आणि त्यांचीं अपभ्रष्ट रूपें, असें पाऊण तास व्याख्यान दिलें. सर्वांनीं आदरानें ऐकलें. मग आजी आपल्या जागेवरून म्हणाल्या, "गुरुजी फार शिकलेले आहेत. आतां गाऊं या." त्यांत टोमणा नव्हता, म्हणूनच तो लागला. आजींना लिहितां वाचतां येत नसे. पण कोणी ओळ चुकला तर त्या मान वर न करतां ती सुधारीत. पुढच्या मंगळवारपासून आम्हीं टाळ घेतले.

मधल्या विश्रांतींत यंगोना येई. ही एका झुडपाची मुळी. तिची पूड पाण्यांत कालवून, गाळून, मोठ्या लांकडी पात्रांतून नारळाच्या करवंटीनें पितात. मूळ फिजियन लोकांचें हें मानाचें पेय. त्यांच्याकडे जातांना मुळीची जुडी भेट म्हणून न्यावी लागते. करवंटी घेण्यापूर्वीं एकदां टाळी वाजवावयाची आणि पिऊन झाल्यावर तीनदां. आम्ही प्रथम नको म्हणालों. पेयापेयविचार आड आला. पण तें आंबविलेलें नसतें, त्यांत मद्य नाहीं, आणि वनस्पतिशास्त्राप्रमाणें तें झाड आपल्या नागवेलीच्याच कुळांतलें आहे, हें चिरंजीवांनीं सांगितलें. विड्याला आम्हीं कधीं नाहीं म्हटलें नाहीं, तेव्हां त्याच्या भावंडाला कां म्हणावें? चव म्हणाल तर मातीच्या पाण्यासारखी. जीभ बधीर होते, आणि अकारण बोलण्याची इच्छा जाते. शिक्षकाला हें पथ्यकारकच. मंडळींत पलीकडच्या आळींतले एक फिजियन गृहस्थही येत. ते ऊंसाच्या मुलखांत वाढलेले असल्यामुळें मास्टरसाहेबांइतकीच अस्खलित फिजी-हिंदी बोलत, आणि ढोलकही बरा वाजवीत.

या गृहस्थांसमोर एकदां जमिनीची गोष्ट निघाली. मास्टरसाहेबांच्या घरचा ऊंस फिजियन कुळांच्या सामायिक जमिनीवर होता. १९७६ च्या कायद्यानें असे पट्टे तीस वर्षांचे झाले, आणि १९९७ पासून ते संपूं लागले. यांचा संपला, वाढवून मिळाला नाहीं, आणि तीन पिढ्यांनीं कसलेली जमीन सोडून कुटुंब सुव्यास आलें. आम्ही ऐकतांना अस्वस्थ झालों. आमच्या घरीं लहानपणीं कुळकायद्यांत गेलेल्या जमिनीची हळहळ आम्हीं रोज ऐकलेली. जमीन आमची, आणि कुळानें नेली, असें आजोबा मरेपर्यंत म्हणत. कसणारा काय म्हणत असेल, हें त्या घरांत कोणी विचारीत नसे. येथें कसणारा समोर बसून बोलत होता, आणि ज्यांची जमीन तेही शेजारीं बसून ऐकत होते. ते फिजियन गृहस्थ एवढेंच म्हणाले, कीं जमीन गेली असती तर आम्हीही हवाईच्या लोकांसारखे झालों असतों. दोघेही खरें बोलत होते. नंतर करवंटी फिरली.

१९८७ सालीं १४ मे रोजींच, म्हणजे पहिलें जहाज आल्यास बरोबर १०८ वर्षें झालीं त्या दिवशीं, लष्करानें बंड करून हिंदी लोकांचें प्राबल्य असलेलें सरकार उलथून टाकिलें. २००० सालीं पुन्हां तसेंच झालें. एके काळीं देशांत निम्मे असलेले हिंदी लोक २००७ च्या शिरगणतींत शेंकडा अडतिसांच्या आंत आले. मास्टरसाहेबांचे एक भाऊ सिडनीस, बहीण व्हँकुव्हरला, थोरला मुलगा ऑकलंडला. १९८७ च्या बंडाचे पुढारी राबुका यांनींच २०२३ सालीं पंतप्रधान असतां, १४ मे याच दिवशीं, हिंदी समाजाची जाहीर क्षमा मागितली. आजींनीं तें दूरदर्शनवर पाहिलें होतें. त्यांना काय वाटलें, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, "माणूस मोठा झाला."

भाद्रपदांत पितृपक्ष आला आणि आमची खरी अडचण झाली. वडिलांची तिथि दशमी. सुव्यांत पंडित आहेत, देवळेंही आहेत. पण आम्ही आमच्या शाखेचा आग्रह धरून बसलों, आणि तसा कोणी मिळेना. ब्राह्मण न मिळाल्यास दर्भाचा बटु करून श्राद्ध करतां येतें. पण दर्भ नांदीच्या विमानतळावर राहिला होता. पिंडाला शिवावयास कावळाही नाहीं. फिजींत कावळा नसतोच. सौभाग्यवती म्हणाल्या, "ज्या घरानें आपली नात आपली म्हटली, त्या घरच्या माणसाला पाटावर बसवावयाला तुम्हांला शास्त्र पाहिजे काय?" खरें सांगावयाचें तर पाहिजेच होतें. आम्हीं रात्रभर तें मनांत उलगडलें. श्राद्धाच्या वेळीं दारीं आलेला अतिथि विन्मुख जाऊं देऊं नये, असें स्मृतिकार सांगतात. मग आम्हीं मास्टरसाहेबांना बोलाविलें.

ते गप्प राहिले. मग म्हणाले, कीं त्यांच्या आजाचें श्राद्ध कधीं झालें नाहीं. १९१८ च्या अखेरीस जहाजानें इन्फ्लुएंझा सुव्यास आणला व तो बेटभर पसरला. त्यांत आजा गेला. घरांत सगळेच आजारी, तिथि कोणी लक्षांत ठेविली नाहीं. गोत्र ठाऊक नाहीं. गुरुजी, अशा माणसाचें कांहीं होतें काय?

होतें. तिथि ठाऊक नसलेल्याची सर्वपित्री अमावास्या, गोत्र ठाऊक नसलेल्याचें काश्यप. हें आम्हांला पाठ होतें. परंतु कोणासाठीं पाठ केलें आहे, हें ठाऊक नव्हतें. दशमीस मास्टरसाहेब आमच्याकडे जेवले. अमावास्येस आम्ही त्यांच्या अंगणांत बसलों. त्यांच्या धाकट्या मुलानें नदीकांठचें लांब पात्याचें गवत आणलें होतें. तो दर्भ नव्हता, पण हिरवा होता.

नदी म्हणजे कोणती, हें सांगावयाचें राहिलेंच. सुव्याच्या पूर्वेस फिजींतील एक थोर नदी समुद्राला मिळते, तिचें नांव रेवा. संस्कृतांत रेवा म्हणजे नर्मदा. या नांवाचा संस्कृताशीं कांहीं संबंध नाहीं, तो फिजियन शब्द आहे. ही नुसती गांठ पडली आहे, हें आमच्यांतला व्याकरणी जाणतो. पण याच रेवेच्या कांठीं नाउसोरी येथें १८८२ सालीं साखरेचा मोठा कारखाना निघाला, आणि तिच्या मुखाजवळील खडकांवर १८८४ च्या मे महिन्यांत सीरिया नांवाचें गिरमिटियांचें जहाज फुटून सुमारें साठ माणसें बुडालीं. उरलेल्यांना वांचविण्यास किनाऱ्यावरचे फिजियन लोक होड्या घेऊन धांवले होते. मास्टरसाहेबांनीं पळी हातीं घेतली, आम्ही संकल्प सांगूं लागलों, आणि या वेळीं जीभ अडली नाहीं. फिजीद्वीप म्हटलें, वीति लेवू म्हटलें, रेवेचा पश्चिम तीर म्हटलें. तर्पणाच्या शेवटीं, जे आपले बांधव नव्हते आणि जे अन्य जन्मीं बांधव होते त्यांनाही तृप्ति मिळो, अशा अर्थाचे शब्द येतात. ते आम्ही चाळीस वर्षें एका दमांत म्हणत आलों होतों. त्या दिवशीं सावकाश म्हटले.

पिंड केळीच्या पानावर कुंपणाशीं ठेविला. पांच मिनिटें झालीं, दहा झालीं. मग दोन साळुंक्या उतरल्या. उंसावरील कीड खाण्यासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पक्ष्यांनाही हिंदुस्थानांतूनच फिजींत आणलेलें. परत कोणीच नेलें नाहीं. एकीनें मान वांकडी करून आमच्याकडे पाहिलें आणि चोंच मारली. आजी ओट्यावरून म्हणाल्या, "घेतलें."

आम्ही परतलों त्याच महिन्यांत मास्टरसाहेबांचेंही घर विकलें गेलें. थोरल्या मुलानें आईला व त्यांना ऑकलंडला नेलें. देवघरांतला परवाना त्यांनीं हातांतल्या पिशवींत घेतला. यंगोनाचें लांकडी पात्र ढोलकवाल्या फिजियन शेजाऱ्यांकडे गेलें, आणि आमची अळूची वाटी सौभाग्यवतींनीं भरून आजींच्या हातीं दिली. गेल्या पंधरवड्यांत त्यांचें पत्र आलें. पितृपक्ष जवळ येत आहे. तेथें कोणत्या नदीचें नांव घ्यावें, तें गुरुजींनीं कळवावें, असें त्यांनीं लिहिलें आहे. आम्हीं नातीचा भूगोलाचा नकाशा मागून घेतला आहे, आणि रोज दुपारीं चष्मा लावून न्यूझीलंड पाहत बसतों.